एकेचाळीस नंबरचं गव्हाणी घुबड

९ एप्रिल

प्रिय बेबी,

तीन महिन्यांत तुला एक ओळ लिहिली नाही, आणि आता लिहायला बसले तर उंदरांबद्दल लिहिणार आहे. रागावू नकोस. फोन करून उपयोग नाही. पंचवीस वर्षं गिरणीत मागांच्या खडखडाटात काढून तुझे कान गेले ते गेलेच, आणि मी मोठ्याने बोलले की तुला वाटतं वहिनी भांडते आहे. म्हणून कागदच बरा.

तर उंदीर. रोज सकाळी सातला मी गावाबाहेरच्या पक्षी-केंद्रात जाते. जखमी घुबडं, घारी, ससाणे लोक तिथे आणून देतात. त्यांना बरं करायचं आणि सोडून द्यायचं, एवढंच तिथलं काम. माझ्यासारखी पाच-सहा माणसं मदतीला येतात. गेल्या गेल्या फ्रीजरमधून काढून ठेवलेले मेलेले उंदीर घ्यायचे आणि अशक्त पाखरांसाठी कात्रीने त्यांचे तुकडे करायचे. तीस वर्षं शाळेच्या ऑफिसात दाखले लिहिणारी बाई मी! पहिल्या दिवशी कात्री टाकून बाहेर पळाले. तिथे एक ड्रायव्हरकाका आहेत, आधी बस चालवायचे. ते मागून आले आणि म्हणाले, "बाई, तोंडाने श्वास घ्या आणि पाढे म्हणा." मी तेराचा पाढा म्हणते. तेरा सत्ते होईपर्यंत तीन उंदीर होतात.

मग पिंजरे घासायचे, बसायच्या दांड्या धुवायच्या, खाली पडलेल्या गोळ्या वेचायच्या. घुबड उंदीर अख्खा गिळतं आणि हाडं-केस गोळी करून तोंडातून टाकतं. गोळी नीट पडली म्हणजे पोट ठीक आहे. त्यांच्यासमोर बोलायचं नाही, कुरवाळायचं नाही, नाव ठेवायचं नाही. लळा लागला की ते बाहेर माणसाच्या जवळ जाणार आणि मरणार. म्हणून सगळ्यांना नंबर.

माझ्याकडे एकेचाळीस नंबर आहे. गव्हाणी घुबड, मधोमध कापलेल्या सफरचंदासारखा पांढरा चेहरा. डावा पंख बांधलेला. मी आत गेले की मान खाली घालून अशी फिसकारते स्वारी, की मी दारातच थांबते. का कोण जाणे, तेवढ्यापुरतं मला बरं वाटतं.

इथे कशी पोचलीस म्हणशील. असंच. एक दिवस गेले आणि जात राहिले. घरात बसवत नाही. तुझ्या दादाचा चष्मा अजून न्हाणीघराच्या खिडकीत आहे. तिथे का ठेवायचा, हे मी कधी विचारलं नाही.

तिसऱ्या दिवशी तू परत निघालीस तेव्हा स्टेशनवर आपण एक शब्द बोललो नाही. ते मनातून जात नाही. दोन ओळी तरी लिही.

तुझी वहिनी


२० एप्रिल

वहिनी,

पत्र मिळालं. दोनदा वाचलं. एकदा रागाने आणि एकदा चष्मा लावून.

माझा भाऊ जाऊन शंभर दिवस झाले आणि तू उंदीर कापते आहेस. दुःखात माणसं झोपून राहतात, रडतात, आपल्या माणसांकडे जातात. तू घुबडांकडे गेलीस. माझ्या घरी एक खोली रिकामी आहे, हे तुला ठाऊक आहे ना? असो. तुझं डोकं पहिल्यापासून असंच. दादा म्हणायचा, "हिच्या मनात काय चाललंय ते हिलाच दुसऱ्या दिवशी कळतं."

हे ड्रायव्हरकाका कोण? वय काय? बायको आहे ना त्यांना? पाढे म्हणायला शिकवतात म्हणे. मला ऐकू येत नसलं तरी मी आंधळी नाही.

गंमत राहू दे. मला एक गोष्ट छळते आहे, ती विचारते. दादा आणि पन्हळ साफ करायला शिडीवर? ऐन थंडीत, आपण होऊन? लहानपणी आई ओरडून दमायची तरी हा गादीवरून हलायचा नाही. तू सांगितलं असशील त्याला. सांगितलं असलंस तरी मी काही म्हणणार नाही. घरातली कामं बायकाच सांगतात. पण मनात ठेवू नकोस.

आणि एक मागते. त्याचा तपकिरी कोट मला पाठव, मी शिवलेला, आत चौकड्यांचं अस्तर असलेला. त्याची डावी बाही माझ्याकडून अर्धा इंच लांब झाली होती. तो कधी बोलला नाही. दुमडून घालायचा, आणि विचारलं की म्हणायचा, "आता अशीच फॅशन आहे." बाकी काही नको. तेवढा कोट.

बेबी


४ मे

प्रिय बेबी,

ड्रायव्हरकाका एकाहत्तर वर्षांचे आहेत, बायको ठणठणीत आहे आणि दुपारी त्यांना न्यायला स्वतः येते. झालं समाधान?

पन्हळ तुंबली होती. मीच म्हटलं होतं. एवढंच आहे ते.

कोटाचं वाचलं. त्याचे कपडे मी देऊन टाकले. कपाट उघडवत नव्हतं, म्हणून एका सकाळी सगळे एकदम दिले, त्यात तोही गेला. तुला आधी विचारायचं मला सुचायला हवं होतं. चूक झाली.

एकेचाळीसची पट्टी निघाली. दोरीसारखं काहीतरी पंखाच्या पुढच्या कडेत रुतलं होतं, तिथली कातडी जुळून आली आहे, पण आखडली आहे. म्हणून दर दोन दिवसांनी डॉक्टरीणबाई पंख हळूहळू उघडून ताणतात. वयाने पोरसवदा आहेत, पण बोलणं तलवारीसारखं. तोंडावर टॉवेल टाकला की घुबड गप्प होतं. पाय मी धरते. बोटांत धरलेले ते पाय इतके बारीक आहेत, आणि त्यांच्यात इतका जोर आहे! पंख पुढे जात नाही अशी जागा येते तेव्हा सगळं अंग ताठ होतं. आवाज काढत नाही. डॉक्टरीणबाई म्हणतात, "आणखी दोन बोटं उघडला तर उडेल." मी त्या दोन बोटांवर जीव लावून बसले आहे.

तुझ्याकडे एक काम आहे. वजन करताना आम्ही पाखरांना जुन्या उशीच्या अभ्र्यात घालतो. आतल्या शिवणीचे दोरे नखांत अडकतात आणि मग सोडवताना झटापट होते. तू शिवून देशील का पिशव्या? शिवण बाहेरून, कापड गडद. अंधार झाला की ती शांत होतात. तुझ्या पडद्यांच्या दुकानातल्या उरलेल्या तुकड्यांच्याही चालतील.

वहिनी


१८ मे

वहिनी,

सोबतच्या पुड्यात बारा पिशव्या आहेत. शिवण बाहेरून, दुहेरी, आत एकही दोरा सुटा नाही. मी प्रत्येकीत हात घालून नखांनी ओरबाडून बघितलं. दुकानातल्या मुली हसत होत्या. तोंडाशी नाडी आहे, पण गाठ मारू नका, नुसती ओढा.

कोटाचं वाचून त्या दिवशी मी मशीनवर बसले नाही. कुणाच्या तरी अंगावर तो असेल, आणि त्याला वाटत असेल, बाही का लांब आहे. जाऊ दे. तू जे सोसलंस ते मी सोसलं नाही. मी लांबून सल्ले देते आहे.

गडद लाल रंगाची एक पिशवी वेगळी आहे बघ. एका मोठ्या हॉलच्या पडद्याचं कापड, मऊ, जड. ती एकेचाळीसची. दुसऱ्या कुणाला देऊ नकोस. नाव ठेवायचं नाही म्हणतेस, पण पिशवी ठेवायला हरकत नसेल. दुकानात आता रोज सकाळी कुणीतरी मला पाटीवर लिहून विचारतं, "एकेचाळीस कसं आहे?" मी सांगते, दोन बोटं राहिली. त्या दिवशी तर मालकीणबाईंनी स्वतःचा हात पसरून दाखवला, "म्हणजे एवढी?" आणि आम्ही सगळ्याजणी शिवण सोडून हात पसरून उभ्या.

जुलैत मला दहा दिवस सुट्टी आहे. मी येते. मला त्या केंद्रात ने. लांबून बघेन, बोलणार नाही. दादा गेल्यापासून पहिल्यांदाच मी कशाची तरी वाट बघते आहे, आणि तेही एका घुबडाची. त्याला कळलं असतं तर पोट धरून हसला असता.

बेबी


२ जून

बेबी,

पिशव्या आल्या. एकेचाळीसला तुझ्या पिशवीत घालून तोललं. तीनशे दहा ग्रॅम. अजिबात धडपडलं नाही. ती पिशवी हातात धरून मी उभी होते, आणि वाटलं, आज सांगितलं नाही तर जुलैत मी तुझ्यासमोर उभी राहू शकणार नाही.

पन्हळ तुंबली नव्हती.

त्या सकाळी मागच्या फळझाडावरच्या जाळीत हे घुबड अडकलं होतं. जाळी तुझ्या दादानेच घातलेली. फळं संपली तरी काढली नव्हती. मी तीनदा आठवण केली, तो तीनदा "उद्या" म्हणाला. उजाडल्यापासून वर फडफड चालली होती. मध्येच थांबायची, मला वाटायचं मेलं, आणि परत सुरू व्हायची. दादाने अग्निशमन दलाला फोन केला. म्हणाला, "येतील तासाभरात. तू आत जा, बघू नकोस." मी म्हटलं, "तासाभरात मरेल ते. जाळी तुझी आहे. तुला चढायला काय होतं?"

असंच म्हटलं, बेबी. टोचून. त्याने कोट घातला आणि शिडी आणली.

शिडी मी धरली होती. त्याने दाखवलं तशी, दोन्ही हातांनी, एक पाय खालच्या पायरीवर देऊन. त्याने जाळी कापली. मग अंगातला कोट काढून त्यात पाखरू गुंडाळलं. तेव्हा शिडी जरा हलली, मी ओरडले, तो वरून हसला. म्हणाला, "अगं, धरलीयेस ना तू?" मग वाकून ते गाठोडं खाली केलं. "घे. पंजे सांभाळ." माझा हात गाठोड्यापर्यंत पोचत नव्हता. मी टाचा उंच केल्या, पायरीवरचा पाय निघाला. मग मी शिडीवरचे दोन्ही हात काढले आणि वर केले. गाठोडं हातात आलं, आणि शिडी सरकली.

तो ओरडला नाही. पडल्यावर काही बोलला नाही. माझ्याकडे बघत होता असं मला वाटलं, पण डॉक्टर म्हणाले, तो लगेच गेला असणार. मी मात्र ते गाठोडं छातीशी धरून उभी होते. क्षणभर असेन. पण तेवढा वेळ मी त्याच्याकडे न धावता पाखरू धरून उभी होते. आणि मग ते फेकलं नाही, खाली नीट ठेवलं. नीट ठेवलं, बेबी.

अग्निशमन दलाची माणसं आली. तासाने नाही, वीस मिनिटांत आली. आम्ही थांबलो असतो तर घुबडही जगलं असतं आणि तोही. तेच लोक त्याला केंद्रात घेऊन गेले. इस्पितळात कुणीतरी विचारलं, "कशासाठी चढले होते?" मी म्हटलं, पन्हळीसाठी. घुबडासाठी म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता, शिडी कुणी धरली होती?

नवव्या दिवशी मी केंद्रात गेले, ते जगलं का एवढंच बघायला. जगलं होतं. तेच एकेचाळीस.

कोट मी कुणाला दिलेला नाही. तो माझ्याकडे आहे. नखांनी फाटला आहे आणि त्यावर डाग आहेत. त्या पाखराचेच, तुझ्या दादाचे नाहीत. मागशील तर पाठवेन.

मला काही म्हणायचं नाही. तू लिही, किंवा लिहू नकोस.

वहिनी


११ जुलै

बेबी,

पाच आठवडे झाले. तू येणार नाहीस हे कळलं. तरी आठ तारखेपर्यंत दुपारच्या गाडीच्या वेळेला मी घरात थांबत होते. रिकाम्या खोलीतल्या पलंगावर नवी चादर घातली होती, ती काल काढली.

तू विचारलेलं नाहीस, तरी एकेचाळीसचं सांगते. सांगायला दुसरं कुणी नाही.

पंख उघडला. पूर्ण नाही, पण दोन बोटांपैकी दीड. मंगळवारी त्याची परीक्षा होती. केंद्राच्या मागे आगगाडीच्या डब्याएवढा लांब पिंजरा आहे, त्यात सोडून बघतात. डॉक्टरीणबाईंनी आम्हा तिघांना पाठ करून डोळे मिटायला सांगितलं. म्हणाल्या, "बघायचं नाही. ऐकायचं." घुबडाच्या उडण्याला आवाज नसतो. उंदराला कळायच्या आत ते पोचलं पाहिजे, नाहीतर ते उपाशी मरतं. आपल्या डोक्यावरून गेलं आणि आपल्याला कळलं नाही, म्हणजे ते पास.

मी डोळे मिटून उभी होते. बाजूला ड्रायव्हरकाकांचा श्वास ऐकू येत होता. लांब पत्र्यावर एक पान घासत होतं तेही ऐकू येत होतं. मग मला ऐकू आलं. फळ्फळ, फळ्फळ, एकाच बाजूने, ओल्या कापडासारखं. डोक्यावरून गेलं, आणि टोकाला पोचायच्या आत खाली उतरलं.

कुणी डोळे उघडेना. शेवटी ड्रायव्हरकाका म्हणाले, "मला नाही बुवा काही ऐकू आलं." डॉक्टरीणबाई त्यांच्यावर चिडल्या नाहीत. म्हणाल्या, "काका, मलाही तसंच म्हणायचं होतं."

महिनाभर आणखी बघणार आहेत. नाही जमलं तर अशा पाखरांना सुई देऊन कायमचं झोपवतात. रानातलं मोठं झालेलं पाखरू पिंजऱ्यात जगणं म्हणजे रोजची मारहाण, असं त्यांचं म्हणणं.

वहिनी


१९ जुलै

तुझी दोन्ही पत्रं वाचली. मला तुझ्याशी बोलायचं नाही. हे फक्त त्या पाखराबद्दल.

ते मरता कामा नये. उडत नसेल तर पिंजऱ्यात ठेवा, भिंतीआड ठेवा, काय वाटेल ते करा. तुझ्या डॉक्टरीणबाईला माझ्या नावाने सांग. माझा भाऊ त्याच्यासाठी गेला. त्याच्या बदल्यात जगात काहीतरी श्वास घेत असलं पाहिजे. तेही गेलं तर तो कशासाठी गेला? जाळीसाठी?

एवढं कर. तुझ्याकडून मी आयुष्यात दुसरं काही मागणार नाही.

कोट नको.


६ ऑगस्ट

बेबी,

नाही जमलं.

तुझं पत्र आलं त्याच दिवशी मी डॉक्टरीणबाईंना सगळं सांगितलं. शिडीचंही. कात्री, ट्रे, अर्धे कापलेले उंदीर मध्ये टेबलावर, आणि मी सांगत होते. त्यांनी हातमोजे काढले आणि ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "पंख आता याहून सुधारायचा नाही. पण मावशी, ठेवून बघू." नियमात बसत नव्हतं, तरी त्यांनी शांत बाजूचा एक पिंजरा दिला. त्याला तीन बाजूंनी आम्ही कापड लावलं. ड्रायव्हरकाकांनी जुन्या लाकडाची पेटी करून आत टांगली, लपायला.

चार दिवस बरे गेले. पाचव्या दिवशी त्याने छताच्या जाळीवर डोकं आपटायला सुरुवात केली. आम्ही छताला चादर बांधली. मग ते भिंतीवर आपटायला लागलं. पेटीत एकदाही बसलं नाही. बऱ्या पंखाची पिसं मोडली. मग खाणं सोडलं. मी उंदराचे तुकडे चिमट्याने पुढे धरायचे, तर ते माझ्याकडे बघायचं आणि फिसकारायचंही नाही. त्या दिवशी मला कळलं. सगळे महिने ते माझ्यावर फिसकारत होतं तेव्हा ते बरं होतं.

तोललं तेव्हा दोनशे चाळीस भरलं.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "याला आता ठेवलं तर ते आपल्या दोघींसाठी असेल. त्याच्यासाठी नाही." मी म्हटलं, "दोघींसाठी नाही, तिघींसाठी. माझ्या नवऱ्याची बहीण आहे एक." त्यांनी कपाटातून टॉवेल काढला. मग म्हणाल्या, "तुम्ही बाहेर थांबलात तरी चालेल." मी थांबले नाही. मीच धरलं. टॉवेलमध्ये त्याचं अंग गरम होतं, आणि हाताला नुसती हाडं लागत होती. सुई दिल्यावर मला वाटलं वेळ लागेल. लागला नाही. मान वळली आणि माझ्या मनगटावर टेकली, जशी झोपेत कुणाचीही टेकते.

त्यानंतर मी हात धुतले आणि उरलेल्यांना खायला घातलं. सात पिंजरे होते. एका घारीने माझ्या बाहीला चोच मारली, मी तिला रागावले, आणि रागावता रागावता मला जे रडू फुटलं, ते तुझ्या दादाच्या वेळीसुद्धा फुटलं नव्हतं. ड्रायव्हरकाकांच्या बायकोने मला घरापर्यंत सोडलं. मी उतरताना त्या म्हणाल्या, "उद्या येऊ नका. परवा या."

मी परवा गेले. रोज जाते. कशासाठी, ते विचारू नकोस.

शेवटची म्हणून तू एकच गोष्ट मागितलीस, तीही मला देता आली नाही.

वहिनी


३० सप्टेंबर

वहिनी,

चार कागद फाडले. पहिल्यावर तुला माफ केलं असं लिहिलं होतं. ते खोटं होतं. दुसऱ्यावर तुझं तोंड बघायचं नाही असं लिहिलं, तेही खोटं होतं. तिसऱ्यावर नुसत्या शिव्या होत्या. चौथ्यावर काय होतं आठवत नाही, पण अक्षर फार वाईट होतं.

तू हात काढलेस, ते माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. दुकानात उंच पडदा टांगायला मुलगी स्टुलावर चढली की मी धावत जाऊन तिचे पाय धरते. त्यांना वाटतं म्हातारीला वेड लागलं. तुझ्या जागी मी असते तर हात काढले असते का? रोज विचारते. कधी वाटतं, छे, शक्यच नाही. कधी वाटतं, समोर कुणी काही धरलं की आपण घेतोच. मग मला दादाचा राग येतो. एवढा शिकलासवरलास, जन्मभर नकाशे काढलेस, आणि शिडीवरून वाकायचं नाही हे कळलं नाही तुला? आणि जाळी का नाही काढलीस रे वेळेवर? गेलेल्या भावावर असा राग येतो, हे मी कुणाला सांगू? तुलाच सांगते आहे बघ.

एकेचाळीस गेल्याचं मी दुकानात सांगितलं नाही. उडून गेलं म्हणून सांगितलं. त्यांनी टाळ्या वाजवल्या.

मी येणार नाही. या वर्षी तर नाहीच, पुढचं माहीत नाही. तूही येऊ नकोस. तुला समोर बघून माझ्या तोंडून काय निघेल, याची मलाच भीती वाटते. माफीचं तर तू विचारूच नकोस. ती असली तर एक दिवस आपोआप येईल, नसली तर नाही.

पण परवा एक झालं. मशीनवर बसल्या बसल्या मनात आलं, दादाला कोणता रंग आवडायचा, आणि मला आठवेना. विचारायला कुणी नाही. आई गेली, बाबा गेले. त्याला खराखुरा ओळखणारी या जगात आता दोनच माणसं राहिली, एक मी आणि एक तू. तेविसाव्या वर्षापर्यंतचा दादा माझ्याकडे आहे. तो भिंतीकडे तोंड करून रुसायचा, दूध सांडून मांजरावर ढकलायचा, मला खांद्यावर घेऊन ओढा ओलांडायचा. ते सगळं मी तुला लिहीन. पुढच्या सदतीस वर्षांतला तुझ्याकडे आहे. तो मला हवा आहे. तुझ्यावर राग आहे म्हणून मी त्याच्यावर पाणी सोडणार नाही.

तेव्हा लिही. घुबडांचं नको, त्या सकाळचं तर मुळीच नको. मी प्रत्येक पत्राला उत्तर देईन असं नाही, पण वाचीन. साध्यापासून सुरुवात कर. सकाळी जाग आली की तो पहिल्यांदा काय म्हणायचा?

बेबी


८ ऑक्टोबर

बेबी,

"किती वाजले?" म्हणायचा.

घड्याळ समोरच्या भिंतीवर होतं, पण डोळे न उघडताच विचारायचा. मी सांगायचे. कधी कधी अर्धा तास पुढचं सांगायचे, म्हणजे लवकर उठेल. त्याला हे कळलं होतं की नाही, ते आता कळायचं नाही. मी काहीही सांगितलं तरी तो पांघरूण डोक्यावर ओढून एकच म्हणायचा, "पाचच मिनिटं गं."

आणि मी द्यायचे.

वहिनी